पोट फुगतें तें कां?

अहिल्यानगरहून छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नेवासें तालुक्यांत घोडेगांव लागतें. शनिशिंगणापुरास जाणारे भाविक येथूनच आंत वळतात, म्हणून हें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु गांवाची खरी ख्याति आहे ती जनावरांच्या व कांद्याच्या बाजाराची. नेवासें बाजार समितीच्या येथील उपबाजारांत हंगामाच्या दिवसांत कांद्याच्या गोण्यांनीं लादलेलीं वाहनें रांगेनें उभीं असतात, आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांचें वर्ष बरें जाणार कीं वाईट, हें तेथें पुकारल्या जाणाऱ्या भावावर ठरतें. ज्या पदार्थाची एवढी मातबरी, त्याच्याविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतून मात्र एक ठराविक तक्रार नेहमीं ऐकूं येते : 'कांदा खाल्ला कीं पोट फुगतें.' कोणी कांदेनवमीस भजीं खाऊन चार महिने त्याचा निरोप घेतात तो धर्म म्हणून. कोणी बारा महिने तो सोडून बसतात तो पोटाच्या भीतीनें. कांद्यापाठोपाठ लसूण सुटतो, मग तुरीचें वरण, मग पोळी, मग दूध. आणि अखेर मऊ भात व मुगाचें कढण एवढ्यावर येऊन ठेपलेला मनुष्य वर्षभरांत सहा-सात किलो वजन गमावून बसतो. अशीं एक-दोन माणसें बहुतेक वाचकांच्या ओळखींत असतीलच.

या तक्रारीमागें कधीं विशेष कांहींच नसतें, कधीं साधा बद्धकोष्ठ असतो, आणि कधीं कधीं लहान आंतड्यांत जंतूंची अवास्तव वाढ झालेली असते. हल्लीं या शेवटच्या विकाराचें नांव वैद्यकीय जगांत व त्याच्या बाहेरही फार घेतलें जातें. 'आंतडें शुद्ध' करणारीं चूर्णें, उपकारक म्हणविणाऱ्या जंतूंच्या महागड्या पुड्या आणि नाना प्रकारचीं पथ्यें यांची एक बाजारपेठच त्याभोंवतीं उभी राहिली आहे. म्हणून हा विकार आहे तरी काय, आणि त्यावर उपचार करावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें घरांतील कर्त्या माणसांना ठाऊक असणें अगत्याचें आहे.

प्रथम कांद्याला दोषमुक्त करूं. कांदा, लसूण व गहूं यांत फ्रुक्टन नांवाची शर्करेची एक साखळी असते. ती तोडणारा पाचक रस मनुष्याच्या शरीरांत मुळीं नाहींच. अशक्त कारकुनाच्या नाहीं, तसा तालमींतल्या पहिलवानाच्याही नाहीं. त्यामुळें ती जशीच्या तशी लहान आंतड्यांतून पुढें सरकते आणि मोठ्या आंतड्यांत पोंचल्यावर तेथील जंतू तिच्यावर ताव मारतात. त्या आंबण्यांतून हायड्रोजन, कार्बन-डाय-ऑक्साइड व कित्येकांच्या ठिकाणीं मिथेन हे वायु निर्माण होतात. कांदा खाणाऱ्या प्रत्येक निरोगी माणसाच्या पोटांत हें नित्य घडत असतें. तेव्हां वायु झाला हा रोग नव्हे. तो कोठें झाला, हा प्रश्न आहे. जें आंबणें शेवटच्या मुक्कामावर व्हावयाचें तेंच अलीकडे, अन्न पचण्याच्या व शोषलें जाण्याच्या जागींच सुरू झालें, म्हणजे तो विकार झाला.

मोठ्या आंतड्यांतील मळाच्या एका ग्रॅमांत सुमारें दहा हजार कोटि जंतू असतात. त्यांची तेथें जरुरी आहे. ते आपलें नुकसान तर करीत नाहींतच, उलट उपयोगी पडतात. याच्या उलट लहान आंतड्याच्या वरच्या भागांतील रसाच्या एका मिलिलिटरांत बहुधा हजारांहूनही कमी जंतू सांपडतात. एकाच नळीच्या दोन टोंकांत एवढें अंतर! हा भेद शरीर अनेक उपायांनीं राखतें. जठरांतील तीव्र आम्लांत अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मरतात. पित्तरस आणि आंतड्याच्या अस्तरांतून झिरपणारीं प्रतिद्रव्यें उरलेल्यांना आटोक्यांत ठेवतात. लहान व मोठें आंतडें जेथें मिळतात तेथें एक झडप आहे. ती खालच्या जंतूंना वर चढूं देत नाहीं. परंतु या सर्वांपेक्षां महत्त्वाची गोष्ट म्हणजे आंतड्याची हालचाल.

जेवण पचून आंतडें रिकामें झालें कीं दर दीड-दोन तासांनीं जठरापासून लहान आंतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक जोरकस लाट वाहत जाते. उरलेसुरले अन्नकण, मेलेल्या पेशी, जंतू हें सारें ती पुढें झाडून नेते. भुकेच्या वेळीं पोटांत जें गुरगुरतें त्याचा बराचसा भाग या केरसुणीचाच आवाज असतो. बेल्जममधील लूव्हेन येथें व्हॅनट्रॅपेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७७ मध्यें असें दाखवून दिलें कीं, ज्या रुग्णांच्या लहान आंतड्यांत जंतूंची वाढ झालेली होती त्यांच्यांत ही लाट एक तर नाहींशी झाली होती, नाहीं तर विस्कळित झाली होती.

घोडेगांवच्या बाजूचा मनुष्य हें ऐकून मुळीं आश्चर्य करणार नाहीं. मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरी-नेवाशाच्या भागांतून जातो. कालवा वाहता असतो तोंवर पाणी निवळशंख. आवर्तन संपलें, एखाद्या खोलगट जागीं पाणी तुंबलें, कीं चार दिवसांत त्यावर शेवाळ धरतें. त्या डबक्यांत औषध टाकून शेवाळ मारतां येतें. पण पाणी तेथेंच राहिलें तर महिनाभरानें तें पुन्हां हिरवें होतें. लहान आंतड्याचें अगदीं असेंच आहे. जंतू वाढले म्हणून प्रवाह तुंबला असें सहसा घडत नाहीं. प्रवाह तुंबला म्हणून जंतू वाढले. या विकाराच्या उपचारांतील निम्मीअधिक चूक एवढी एक गोष्ट विसरल्यामुळें होते.

मग प्रवाह तुंबतो कशानें? आपल्याकडे सर्वांत आधीं ज्याची शंका घ्यावी तें कारण म्हणजे आंतड्याचा क्षय. लहान व मोठें आंतडें मिळतात ती जागा क्षयाच्या फार आवडीची. तेथें व्रण होऊन भरतांना आंतडें आंखडतें, वाट अरुंद होते आणि तिच्यामागें अन्न सांचूं लागतें. संध्याकाळची कणकण, घटणारें वजन, थांबून थांबून येणारी कळ, गोळा उठल्यासारखें वाटून गुरगुर आवाज होणें आणि मग एकदम बरें वाटणें, अशीं लक्षणें असतां 'गॅसेस'ची गोळी देऊन माणसाला गप्प बसविणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळ आहे. बहुतेक आंतड्यांचा क्षय सहा महिन्यांच्या औषधानें बरा होतो. आंखडलेल्या जागेस मात्र क्वचित् शस्त्रक्रिया लागते.

दुसरें कारण जुन्या शस्त्रक्रिया. जठरव्रणाला कारण होणारा जंतु १९८२-८३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत उजेडांत येण्यापूर्वीं अशा व्रणावर जठर व आंतडें यांचा नवा जोड करण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत असे. तींत आंतड्याचा कांहीं भाग बंद बोळासारखा बाजूला राहतो. त्या वेळीं तरुण असलेले रुग्ण आज सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत. घरांतील वृद्धांच्या पोटावर जुना व्रण असेल तर तो कशाचा, हें वैद्यांना आवर्जून सांगावें. वृद्ध माणसें स्वतः तें सांगावयास विसरतात.

तिसरें कारण मधुमेह. वर्षानुवर्षें साखर वाढलेली राहिली कीं पायाच्या मज्जातंतूंप्रमाणें आंतड्यांचे मज्जातंतूही बधिर होतात आणि केरसुणी थांबते. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. मधुमेहावर आपल्याकडे पुष्कळांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हीं औषधें दिलीं जातात. पिष्टमय पदार्थ लवकर पचूं न देणें हेंच त्यांचें काम. न पचलेलें तें अन्न मोठ्या आंतड्यांत गेलें कीं वायु होणारच. मेटफॉर्मिननेंही पुष्कळांचें पोट बिघडतें. अशा वेळीं पोट फुगण्याचें कारण जंतूंत शोधण्यापूर्वीं औषधांच्या डब्यांत शोधावें.

आणि चौथें कारण त्याच डब्यांत नेहमीं हाताशीं ठेवलेलें असतें : 'पित्ताची गोळी'. ओमेप्राझोल हें या जातीचें पहिलें औषध १९८८ पासून वापरांत आलें. पँटोप्राझोल हें त्याचें भावंड. जठरव्रण, अन्ननलिकेंत आम्ल चढण्याचा विकार, अशा ठिकाणीं या गोळ्यांनीं अनेकांचे हाल वांचविले आहेत, हें निर्विवाद. पण लग्नांत जड जेवण झालें म्हणून एकदां घेतलेली गोळी पुढें दहा-दहा वर्षें चहापूर्वींच्या नित्यकर्मांत जाऊन बसते, हा प्रकार निराळा. जठरांतील आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला कोट. तोच रोज सकाळीं पाडून ठेवला तर शत्रु आंत येणें सोपें होतें. अनेक पाहण्यांत या गोळ्या व जंतूंची वाढ यांचा संबंध आढळला आहे. तथापि हें वाचून कोणी आपली गोळी उद्यांपासून बंद करूं नये. हृदयविकारासाठीं रक्त पातळ करणारें औषध चालू असलेल्या पुष्कळांना ती जठराच्या रक्षणासाठीं मुद्दाम दिलेली असते. ती कां चालू आहे, एवढा प्रश्न मात्र वैद्यांना अवश्य विचारावा.

विकाराचे परिणाम फुगण्यापुरते थांबले असते तर एवढें लिहिण्याचें कारण नव्हतें. वाढलेले जंतू पित्तरसांतील आम्लांची मोडतोड करतात. त्यामुळें स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहींत, मळ चिकट, फिकट व दुर्गंधियुक्त होतो, आणि तुपाबरोबर शोषलीं जाणारीं अ, ड, ई, के हीं जीवनसत्त्वेंही वाहून जातात. त्याहून वाईट म्हणजे अन्नांतील बी-१२ हें जीवनसत्त्व हे जंतू मध्येंच गिळंकृत करतात. त्याच्या अभावीं रक्त तर पातळ होतेंच, पण तळपायांना मुंग्या येणें, चालतांना तोल जाणें, विसराळूपणा, अशीं मज्जातंतूंचीं लक्षणें उद्भवतात. आणि उशीर झाला तर तीं कायमचीं राहतात. मौजेची गोष्ट अशी कीं, हेच जंतू फोलिक आम्ल मात्र तयार करतात व तें आपल्या रक्तांत जातें. म्हणून बी-१२ कमी आणि फोलिक आम्ल भरपूर, असा रक्ताचा अहवाल दिसला कीं पाश्चात्त्य ग्रंथकार लहान आंतड्यांतील जंतूंची शंका घ्यावयास सांगतात.

पण ही खूण आमच्या घरांत जशीच्या तशी चालत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानें २००६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत खेडें, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग अशा तीन थरांतील ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांचें रक्त तपासलें होतें. त्यांपैकीं शेकडा ६७ जणांत बी-१२ कमी आढळलें. आणि शहरी मध्यमवर्गांत तर हें प्रमाण शेकडा ८१ होतें! कारण उघड आहे. हें जीवनसत्त्व वनस्पतींत नाहीं. मांस, मासे, अंडीं यांतून तें मिळतें. शाकाहारी माणसाला दूधदुभतें एवढाच आधार, आणि आमच्या दुधाच्या प्रमाणाविषयीं बोलावयाचें म्हणजे चहांत पडतें तेवढें. तेव्हां आमच्याकडे बी-१२ कमी निघालें तर त्यावरून जंतूंचा निष्कर्ष काढतां येत नाहीं. तें पिढीजात आहाराचेंही फळ असूं शकतें. मात्र याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ज्याच्या कोठारांत धान्य भरपूर आहे त्याच्या घरीं उंदीर झाले तरी तो वर्षभर निभावून नेतो. ज्याचा कणगा आधींच तळाला गेलेला, त्याला उंदीर परवडत नाहींत. म्हणून शाकाहारी घरांतील वयस्क माणसास जुनाट अतिसार व वजनांत घट असेल तर बी-१२ ची तपासणी लांबणीवर टाकूं नये.

या संदर्भांत मुंबईंतील एका संशोधनाची आठवण करून देणें योग्य होईल. १९२८ मध्यें ल्युसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेंत राहून गरीब गर्भवती स्त्रियांच्या घातक पांडुरोगाचा अभ्यास करूं लागल्या. आंतड्यांतील एखाद्या जंतूचा हा प्रताप असावा, या दिशेनेंही त्यांनीं शोध केला. पण मूळ निघालें निकृष्ट आहारांत. यीस्टपासून बनविलेल्या मार्माइट नांवाच्या स्वस्त अर्कानें या स्त्रिया बऱ्या होतात, हें त्यांनीं १९३१ मध्यें जाहीर केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलिक आम्ल. पुढें १९४५ मध्यें अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालीं तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. आंध्रांतून गेलेल्या या शास्त्रज्ञाचा भाऊ तरुणपणींच स्प्रू नांवाच्या संग्रहणीनें दगावला होता. त्याच रोगावर फोलिक आम्ल गुणकारी ठरलें. आणि १९४८ मध्यें त्याच प्रयोगशाळेंतून ऑरिओमायसिन हें टेट्रासायक्लिन जातीचें पहिलें प्रतिजैविक बाहेर पडलें. त्याच सालीं ऑगस्टांत सुब्बाराव वारले. लहान आंतड्यांतील जंतूंशीं निकटचा संबंध असलेल्या या उष्णकटिबंधीय संग्रहणीवर टेट्रासायक्लिन व फोलिक आम्ल या जोडीचाच उपचार पुढें रूढ झाला, व तो कित्येक महिने चालवावा लागतो.

ही हकीकत नुसत्या अभिमानासाठीं सांगितलेली नाहीं. बी-१२ ची उणीव असतांना एकटें फोलिक आम्ल देत राहिलें तर रक्त सुधारतें, चेहऱ्यावर लाली येते, घरचीं माणसें संतुष्ट होतात. पण मज्जातंतूंची हानि आंतल्या आंत चालूच राहते. म्हणून शक्तीच्या गोळ्या म्हणून फोलिक आम्ल आपल्या मनानें कोणास सुरू करूं नये. आधीं बी-१२ पाहावें, आणि तें कमी असेल तर तें आधीं द्यावें. आंतड्यांत जंतू असतांना तें तोंडानें देऊन भागेलच असें नाहीं. सुईनें द्यावें लागतें.

आतां निदानाकडे वळूं. नळी घालून लहान आंतड्यांतील रस काढावा व त्यांतील जंतू मोजावे, ही सरळ रीत. परंतु ती त्रासदायक आहे व थोड्याच ठिकाणीं होते. तिच्याऐवजीं मोठ्या शहरांतून श्वासपरीक्षा केली जाते. मनुष्याच्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन किंवा मिथेन बनवीत नाहींत. उच्छ्वासांत ते आले तर ते आंतड्यांतील जंतूंपासूनच रक्तामार्गें आले असले पाहिजेत, या तत्त्वावर ही परीक्षा उभारलेली आहे. रुग्णास उपाशीपोटीं ७५ ग्रॅम ग्लुकोज किंवा १० ग्रॅम लॅक्टुलोज पाण्यांतून देतात आणि ठराविक अंतरानें त्याचा श्वास तपासतात. उत्तर अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं २०१७ मध्यें ठरविलेल्या संकेताप्रमाणें नव्वद मिनिटांच्या आंत हायड्रोजन दर दशलक्ष भागांत निदान वीस भागांनीं चढला तर परीक्षा होकारार्थी समजतात. मिथेनाला दहा भाग पुरतात. मिथेन करणारे सूक्ष्मजीव वास्तविक निराळ्याच कुळांतले असून त्यांच्या रुग्णांस अतिसाराऐवजीं बहुधा बद्धकोष्ठ असतो.

परीक्षा साधी दिसते, पण फसवीही आहे. लॅक्टुलोज मुळीं शोषलें जात नाहीं. एखाद्याचें आंतडें जलद चालत असेल तर तें तासाभरांत मोठ्या आंतड्यांत जाऊन पडतें. तेथें वायु होतो आणि दोष मात्र लहान आंतड्यावर येतो. ग्लुकोज याच्या उलट वरच्या भागांतच शोषलें जातें, त्यामुळें खालच्या भागांतील जंतू त्याच्या नजरेंतून सुटतात. पूर्वींच्या चार आठवड्यांत प्रतिजैविक घेतलेलें असेल, आदल्या दिवशीं उसळी व कोशिंबिरी झोडल्या असतील, अथवा परीक्षेपूर्वीं विडी ओढली असेल, तर येणाऱ्या आंकड्यांना कांहींच अर्थ नाहीं. आदल्या दिवशीं साधा भात खावा, आठ ते बारा तास उपास करावा, तोंड स्वच्छ धुवावें. मधुमेही रुग्णानें एवढें ग्लुकोज घेण्यापूर्वीं आपल्या वैद्यांना विचारलें पाहिजे. आणि परीक्षा कांहींही सांगो; वजन घटत असेल, रात्रीं झोंपेंतून उठून शौचास जावें लागत असेल, रक्त पडत असेल वा ताप येत असेल, तर केवळ श्वासावर विसंबून न राहतां आंतड्यांचें चित्रण व दुर्बिणीनें तपासणी करून घ्यावी.

उपचाराचे तीन धागे आहेत आणि ते एकाच वेळीं विणावे लागतात : तुंबण्याचें कारण दूर करणें, जंतू कमी करणें आणि झालेली झीज भरून काढणें. पहिल्याविषयीं वर लिहिलेंच आहे. दुसऱ्यासाठीं प्रतिजैविकें. हल्लीं यांत रिफॅक्सिमिनचें नांव अग्रभागीं आहे. क्षयावरील रिफँपिसिनच्याच कुळांतलें हें औषध. परंतु तें आंतड्यांतून रक्तांत जवळजवळ शोषलें जात नाहीं, जेथें काम करावयाचें तेथेंच राहतें, म्हणून त्याचे इतर अवयवांवर दुष्परिणाम थोडे. दिवसांतून तीनदां ५५० मिलिग्राम, चौदा दिवस, असा त्याचा प्रचलित क्रम आहे. मिथेनवाल्या रुग्णांस त्याच्या जोडीला निओमायसिन देण्याची रीत आहे. याखेरीज मेट्रोनिडॅझोल, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन हींही वापरलीं जातात, आणि तीं स्वस्त आहेत. मात्र मेट्रोनिडॅझोल लांबविलें तर त्यानेंच पायांना मुंग्या येतात, व मग त्या बी-१२ च्या कीं औषधाच्या, हें कोडें पडतें. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीचीं औषधें क्षयाच्या जंतूंवर अर्धवट चालतात. रोग कांहीं दिवस दबतो, रुग्णास बरें वाटतें आणि खरें निदान महिनोन्महिने लांबतें. एवढ्यासाठीं आमच्या देशांत क्षयाची शंका निवारल्यावांचून प्रतिजैविकांना हात घालूं नये. आणि औषधविक्याच्या सल्ल्यानें तीन दिवस अमुक, चार दिवस तमुक, असें करणारे लोक तर जंतूंना त्या औषधांची संवयच लावून ठेवतात.

औषधानें बरें वाटल्यावरचा काळ अधिक महत्त्वाचा. रोम येथील वैद्यांनीं २००८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत रिफॅक्सिमिननें बरे झालेल्या ८० रुग्णांचा पाठपुरावा केला. तीन महिन्यांनीं शेकडा १३ च्या सुमारास, सहा महिन्यांनीं २८ च्या सुमारास आणि नऊ महिन्यांनीं ४४ च्या सुमारास रुग्णांत विकार परत आलेला होता. वृद्ध आणि पित्ताच्या गोळ्या सतत घेणारे यांच्यांत तो परतण्याचें प्रमाण अधिक होतें. डबकें बुजविल्यावांचून औषध टाकलें कीं काय होतें, तें या आंकड्यांत पाहावें.

आहाराविषयीं बायकामाणसांना सर्वांत अधिक उत्सुकता असते, कारण शेवटीं ताट त्यांनाच वाढावयाचें असतें. कांदा, लसूण, गहूं, कडधान्यें, दूध हे आंबणारे पदार्थ कमी केले तर वायु कमी होतो व रुग्णास हलकें वाटतें, हें खरें. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठांत अशा पथ्याची पद्धतशीर मांडणी झालेली आहे. परंतु या पथ्यानें जंतू मरत नाहींत. त्यांना फक्त कमी खावयास मिळतें. तें चार-सहा आठवडे करून पाहावें आणि मग एकेक पदार्थ परत ताटांत घ्यावा. जो न सोसेल तो तेवढा वगळावा. वर्षानुवर्षें सर्वच सोडून बसलेल्या शाकाहारी माणसाच्या ताटांतून डाळ व दूध गेलें कीं प्रथिनें कोठून यावयाचीं? दूध न सोसणाऱ्यास बहुधा ताजें दहीं व ताक सोसतें. त्यांत दुग्धशर्करा कमी असते. ग्रहणीच्या विकारांत तक्राची थोरवी चरकसंहितेनेंही गाइलेली आहे. विकत मिळणाऱ्या जंतूंच्या पुड्यांविषयीं मात्र पुरावा अजून कच्चा आहे; घरच्या ताकावर त्यांहून अधिक खर्च करण्याचें कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाहीं.

दोन जेवणांमध्यें चार-पांच तासांचें अंतर ठेवावें, असें आतां पुष्कळ वैद्य सांगतात. दिवसभर तोंड चालू ठेवल्यानें हा रोग होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. तथापि काहीं खाल्लें कीं आंतड्याची केरसुणी थांबते, एवढें निश्चित आहे. सकाळचा फराळ, अकराचा चहा-बिस्किट, जेवण, तीनचा चहा-चिवडा, संध्याकाळचें कांहीं तरी, पुन्हां जेवण आणि निजतांना दूध, असा ज्यांचा नेम आहे त्यांनीं मधला चिवडा तेवढा सोडून पाहण्यास हरकत नाहीं. मधुमेहावर इन्सुलिन घेणाऱ्यांना हा प्रयोग परस्पर करण्याची मोकळीक नाहीं. त्यांची साखर एकाएकीं उतरण्याची भीति असते.

तिसरा धागा, झीज भरून काढण्याचा. दर पंधरा दिवसांनीं एकाच काट्यावर वजन करून तें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावें. रुग्णाच्या 'बरें आहे' पेक्षां हा आंकडा अधिक खरें बोलतो. बी-१२, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व हीं उपचाराच्या आरंभीं व पुन्हां तीन महिन्यांनीं पाहावीं. आणि विकार परतला तर जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानांत जाण्याऐवजीं ती चिठ्ठी, वजनाचे आंकडे, झालेल्या शस्त्रक्रियांची माहिती व घरांतल्या सर्व गोळ्यांचा डबा घेऊन वैद्यांकडे जावें.